खेळण्यातली भजने

मागच्या गणेशोत्सवात, मांडवात बसून गप्पा चालल्या असताना कोणीतरी विचारले, "तुमच्या वांकिडीला पूर्वी आरत्या-भजने कशावर लावायचे हो? कॅसेटवर की सीडीवर?" आम्ही खरे तेच सांगितले. कॅसेटवर लावली, सीडीवर लावली, मोबाइलवर तर आता सगळेच लावतात. पण मध्ये तीन वर्षे आम्ही ती पोरांच्या व्हिडिओ गेमवर लावली. ऐकणारे हसले. एकाला वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. तेव्हा संपादक मंडळींनी "यावरच लिहा" असे फर्मावले. म्हणून ही हकीकत आम्ही वांकिडीचे चार-पाच जण मिळून आठवून लिहीत आहोत. हकीकत यंत्राची आहे, पण यंत्राच्या पोटात जे होते त्यासाठी ती सांगायची आहे.

ज्यांना वांकिडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. आसिफाबादहून राजुरा-चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचे हे आमचे गाव. तो जिल्हा आम्ही सवयीने आदिलाबादच म्हणतो. कागदोपत्री २०१६ पासून तो कुमुरम भीम आसिफाबाद झाला आहे. निझामाच्या राज्यात पलीकडचा राजुरा तालुकाही आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. घरात मराठी, दुकानात तेलुगू, बाजारात गोंडी, जुन्या दस्तऐवजांत उर्दू, असा आमचा संसार. अशा गावात गाणे कुठून येते आणि कसे टिकते, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडत नाही. आम्हाला तो नेहमी पडत आला. मराठी कॅसेट घ्यायची तर चंद्रपूर नाहीतर बल्लारपूर गाठावे लागे.

यंत्रे येण्याआधी आमच्याकडे गाणे खांद्यावरून यायचे. परधान लोक किकरी घेऊन गोंड यजमानांच्या घरी येत. किकरी म्हणजे घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायचे तंतुवाद्य. तिच्या साथीवर ते गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या लांबच लांब कथा गोंडीत गात. विशेष म्हणजे हे परधान आपापसात मराठी बोलत. १९४० मध्ये जोडेघाटला कुमुरम भीम मारला गेला. त्यानंतर निझाम सरकारने गोंडांची स्थिती अभ्यासायला हाइमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला बोलावले. तो मार्लवाईला राहिला आणि त्याने हे सगळे लिहून ठेवले. परधानांची घरची भाषा मराठी असल्याची नोंदही त्याने केली आहे. आमच्या जिल्ह्यातली मराठी किती जुनी आणि किती नाना तऱ्हेची आहे हे यावरून कळावे. दुसरे फिरते वाद्य म्हणजे खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे ती विदर्भात घराघरांत गेली आणि तिथून हद्द ओलांडून आमच्याकडे आली. काखेत मारली की निघाले भजनाला.

मग रेडिओ आला. पूर्वी रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी फी भरावी लागे, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. ट्रान्झिस्टरने रेडिओ खिशात आणला. सोनी कंपनीचा १९५७ चा टीआर-६३ हा रेडिओ 'खिशात मावणारा' म्हणून विकायचा होता, पण तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा जरा मोठा निघाला. कंपनीने रेडिओ लहान केला नाही; आपल्या विक्रेत्यांच्या शर्टांना मोठे खिसे शिवून घेतले! आमच्या गावी ट्रान्झिस्टर खिशात कोणी ठेवला नाही. तो चामडी पिशवीत, पट्टा गळ्यात, असा शेतावर जायचा. नागपूर केंद्रावर मराठी आणि हैदराबादवर तेलुगू. रात्री हवा स्वच्छ असली की नागपूर अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे लागे.

रेडिओत एकच खोट होती. जे लागेल ते ऐकायचे, आणि आपले तिथे काहीच नाही. ती खोट कॅसेटने भरून काढली. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही छोटी डबी आमच्याकडे वीस वर्षांनी आली. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केल्यावर. आमच्या जिल्ह्यातले, तसेच निझामाबाद-करीमनगरचे पुष्कळ लोक आखाती देशांत मजुरीला जातात. त्यांच्याबरोबर टू-इन-वन आले. त्या टू-इन-वनवर प्रल्हाद शिंदे ऐकले नाहीत असे आमच्या गावचे मराठी घर नसेल. एका घरात विठ्ठलाची गाणी, दुसऱ्या घरात भीमगीते, आणि दोन्हींकडे आवाज एकाच गळ्याचा.

वॉकमन मात्र आम्ही उशिरा पाहिला. सोनीने तो १ जुलै १९७९ ला जपानात विकायला काढला. त्या पहिल्या वॉकमनला कानाच्या तारेसाठी दोन भोके होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावे. शिवाय एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे बारीक होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. कंपनीला वाटले होते की एकट्याने ऐकणे लोकांना उद्धटपणाचे वाटेल. आमच्या गावात १९९० नंतर जो वॉकमन आला तो बिनकंपनीचा होता, भोक एकच होते, आणि दोघांत ऐकायचे तर एकाने डावा कान लावायचा, दुसऱ्याने उजवा. डोक्यावरची पट्टी अशी ताणून ताणून मोडायची.

कॅसेटचा खरा उपयोग झाला तो १९९४ च्या गणपतीत. आमच्या भजनी मंडळाचे एक पेटीवाले बुवा होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत. त्यांना शंभरच्या वर भजने आणि गौळणी पाठ होत्या. काही नेहमीच्या गाथेतल्या, पण काहींचे शब्द आम्ही पुढे कुठल्याच पुस्तकात पाहिले नाहीत. मधेच तेलुगू शब्द, मधेच दख्खनी उर्दू. ते म्हणत की हे त्यांच्या आज्याकडून आलेले आहे. पाचव्या दिवशी रात्री आम्ही टू-इन-वन मांडवात ठेवला, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबले. वीज जाईल म्हणून सहा मोठे सेल टाकले होते. वीज गेलीच. पण रेकॉर्डिंग थांबले नाही. कॅसेटच्या एका बाजूची तीस मिनिटे संपली तेव्हा एक अभंग अर्ध्यात तुटला. बाजू पालटेपर्यंत आबाजी पुढच्या कडव्यावर गेले होते. "थांबा ना आबाजी," असे म्हणायची आमची छाती झाली नाही. आबाजी १९९९ मध्ये गेले.

आता खेळण्याकडे. आमच्या लहानपणी आठवडी बाजारात ब्रिक गेम मिळे. राखाडी पडदा, वरून पडणाऱ्या विटा, आणि डबीवर '९९९९ खेळ' असे छापलेले. खेळ खरे पाच-सहाच. विटांचा तो खेळ मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव याने १९८४ मध्ये केला होता, हे आम्हाला फार पुढे कळले. चालू केला की त्यातून एक किरकिरी धून येई. त्याच सुमारास जगात निन्तेन्दोचा गेम बॉय गाजत होता, १९८९ पासून. तो आम्ही फक्त चित्रात पाहिला. पण एक गोष्ट खरी: हातातल्या खेळातून गाणेही ऐकावे, ही इच्छा कारखानदारांनाही तेव्हापासूनच छळत असावी. २००३ च्या ऑक्टोबरात नोकियाने एन-गेज काढला. तो फोन, खेळ, रेडिओ आणि एमपी-थ्री असे सगळे एकात होते. पण बोलताना तो कानाला आडवा, कडेवर धरावा लागे, आणि खेळाचे कार्ड बदलायचे तर आधी बॅटरी काढावी लागे. लोक हसले. पुढच्या वर्षी सुधारलेला एन-गेज आला. त्यात या दोन्ही खोडी दुरुस्त केल्या होत्या आणि रेडिओ व एमपी-थ्री काढून टाकले होते! सुधारणा कशी करू नये याचा हा नमुना आम्ही अजून एकमेकांना सांगतो. निन्तेन्दोनेही २००५ मध्ये जपानात आपल्या गेम बॉय अॅडव्हान्समध्ये घालायचा एक जोड काढला होता. त्यात एसडी कार्ड टाकले की गाणी वाजत.

पण या सगळ्यांत नीट जमले ते सोनीच्या पीएसपीला. २००३ मध्ये त्याची घोषणा करताना केन कुतारागी यांनी त्याला 'एकविसाव्या शतकाचा वॉकमन' म्हटले होते. तो १२ डिसेंबर २००४ ला जपानात आला, मार्च २००५ मध्ये अमेरिकेत. काळा, चकचकीत, आडवा. मध्ये मोठा पडदा. पाठीमागे खेळाची छोटी चकती आणि कडेला मेमरी स्टिक ड्युओ नावाचे कार्ड. या कार्डावर संगणकातून एमपी-थ्री गाणी टाकता येत. खोक्याबरोबर जे ३२ एमबीचे कार्ड मिळे त्यात बऱ्यापैकी आवाजाची गाणी जेमतेम अर्धा तास मावत. मोठे कार्ड महाग, कारण मेमरी स्टिक ही सोनीची स्वतःची जात. बाजारातले इतर स्वस्त कार्ड तिथे चालत नसे.

आमच्यापर्यंत पीएसपी पोहोचला तो दुबईच्या वाटेने. आमच्यातल्या एकाचा मोठा भाऊ तिथे बांधकामावर होता. २००६ मध्ये सुटीवर येताना त्याने पोरासाठी एक पीएसपी आणला. पोरगा सहा वर्षांचा. त्याने गाडीचा खेळ आठवडाभर खेळला, मग चकतीवर ओरखडा पडला. नवी चकती वांकिडीत कुठून मिळणार? ते खेळणे फडताळात गेले. तेव्हा आमच्यापैकी एक जण हैदराबादला नोकरीला होता. त्याने ते तिथे नेले आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून एक जीबीचे कार्ड आणले. दुकानदार तेलुगूत विचारत होता, गेम्स हवेत का? आमचा गडी म्हणाला, गेम्स नकोत, पाटलु एक्किंचाली. तेलुगूत गाणी 'चढवतात', आपल्याकडे गाणी 'भरतात'. कॅसेटच्या काळापासून आम्ही भरतोच म्हणत आलो. पाणी भरावे तसे.

एक जीबीमध्ये काय भरायचे, याचा विचार करताना आबाजींची कॅसेट आठवली. बारा-तेरा वर्षांत तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले होते. टेपचे हेड स्पिरिटने पुसले, तार संगणकाच्या मागच्या भोकात घातली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये आवाज उतरवून घेतला. या कामात घाई चालत नाही. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, आणि तो तास खोलीत कोणी मोबाइल जवळ आणायचा नाही, नाहीतर 'टिक टिक गर्र' असा आवाज आत शिरतो. मग तुकडे पाडून सात फायली केल्या आणि पीएसपीच्या म्युझिक नावाच्या फोल्डरात टाकल्या. नावे इंग्रजी अक्षरांत लिहिली. कॅसेट दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा फीत यंत्रात गुंतली आणि चुरगळली. तेव्हा आम्हाला त्याचे फार वाटले नाही. गाणे तर आता भरून झाले होते ना!

२००७ चा गणपती आला. मांडवातला सीडी प्लेअर धुळीने अडखळू लागला होता. मोबाइल लावून पाहिला. अथर्वशीर्ष चालू असताना कोणाचा तरी फोन आला आणि भोंग्यातून सिनेमाच्या गाण्याची रिंगटोन साऱ्या गावाला ऐकू गेली. पुजारी तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी पीएसपी आणला. त्याला फोन येऊ शकत नाही, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण! साडेतीन मिलिमीटरची साधी तार एका टोकाला त्याच्या कानात आणि दुसऱ्या टोकाला अहुजा अॅम्प्लिफायरमध्ये. वीज गेली की अॅम्प्लिफायर बारा व्होल्टच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, आणि पीएसपी स्वतःच्या. पडद्याखालचे एक बटण दाबून धरले की पडदा विझे, गाणे चालू राही. बॅटरी जास्त टिके. उजव्या कडेची कळ खाली सरकवली की बटणे बंद होत, मग पोरांचा हात लागला तरी फिकीर नाही. तीच कळ चुकून वर सरकवली की यंत्र झोपी जाई आणि आरती मधेच बंद. हे पहिल्या दिवशी दोनदा झाले.

मांडवात झांज वाजवणारे एक म्हातारे काका होते. ते ते काळे खेळणे बराच वेळ पाहत राहिले. त्यातून आबाजींची पेटी सुरू झाली. काका म्हणाले, "काहून बे पोट्टेहो, आबाजी याच्यात कसे गेले?" आम्ही हसून सांगायला लागलो, पण काकांचे लक्ष नव्हते. त्यांनी झांज उचलली आणि तेरा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच झांजेबरोबर ठेका धरला. रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी त्यांचा ठेका चुकला होता. तिथे आल्यावर ते म्हणाले, "इथं मीच हुकलो होतो," आणि या खेपेला बरोबर वाजवले. त्या रात्री त्या सात फायली चार वेळा लागल्या.

२००८ आणि २००९ लाही तसेच झाले. मधल्या काळात बाजारात चिनी नकला आल्या. दिसायला थेट पीएसपी, वर एमपी-फाइव्ह असे लिहिलेले, किंमत त्याच्या पाव. त्यात जुने खेळ, रेडिओ, कॅमेरा, सगळे भरलेले. आवाज पत्र्याचा. गावातल्या दोघा-तिघांनी घेतले आणि खेळण्यापेक्षा गाण्यांसाठीच वापरले. शेतात कापूस वेचताना मांडीवर ठेवून द्यायचे. सहा महिन्यांत चार्जिंगचे भोक सैल होई. आमचे मत असे की गरिबाच्या घरी गाण्याचे यंत्र म्हणून मागितलेली वस्तू मिळत नाही, पोराचे खेळणे म्हणून मिळते. म्हणून आमच्याकडे अशी यंत्रे खेळण्याच्या नावाने आत आली.

मग मोबाइल स्वस्त झाले. नखाएवढे कार्ड, दुकानात वीस-तीस रुपयांत गाणी भरून, ब्लूटूथने एकाकडून दुसऱ्याकडे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि भरणेही संपले. हवे ते गाणे यूट्यूबवर शोधायचे. सोनीने पीएसपी बनवणे २०१४ मध्ये थांबवले. तोवर जगात आठ कोटींच्या आसपास खपले होते. मेमरी स्टिकचा हट्टही सोनीने सोडला आणि २०१० पासून स्वतःच एसडी कार्डे विकायला लागली. आमचा पीएसपी एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांखाली गेला.

यूट्यूबवर प्रल्हाद शिंदे आहेत, सगळे आहेत. आबाजी नाहीत.

हे २०२३ मध्ये ध्यानात आले. झांजवाले काका वारले आणि तेराव्याला कोणीतरी म्हणाले, ती भजने लावा ना. सगळ्यांनी आपापले मोबाइल चाळले. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याकडे असेल. ज्या संगणकावर फायली केल्या होत्या तो कधीच भंगारात गेला होता. कॅसेट चुरगळलेली. उरले ते खेळणे. पेटीतून काढले तर बॅटरी फुगून मागचे झाकण वर आलेले. एका दुकानात नेले. त्याने न उघडताच सांगितले की फेकून द्या. कार्ड वाचायचे यंत्र शोधले, तर मेमरी स्टिकचे भोक असलेले कोणाकडे नाही. दोन महिने असेच गेले. मग आमच्यातल्या एकाला सुचले की पीएसपी बॅटरीशिवायही थेट चार्जरवर चालतो. फुगलेली बॅटरी जपून काढून बाजूला ठेवली, पाच व्होल्टचा चार्जर जोडला आणि कळ सरकवली. हिरवा दिवा लागला. पडद्यावर २००९ च्या गणपतीतल्या हळदीचा डाग तसाच होता.

यूएसबी तार लावून फायली काढल्या. सातपैकी पाच उघडल्या. दोन उघडत नाहीत. आकडा दिसतो, आवाज येत नाही. त्या कार्डाला आता आम्ही हात लावत नाही. पाच फायली आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये, दोन पेनड्राइव्हवर आणि आबाजींच्या नातीकडे आहेत. ती चंद्रपूरला असते. तिने पहिली फाइल ऐकली आणि आम्हाला फोन करून विचारले, पेटीचा सूर लागण्याआधी कोण खोकते? आबाजीच खोकतात. तेवढा भाग आम्ही काढला नाही.

हरवलेल्या दोन फायलींत एक गौळण होती आणि बाजू पालटताना तुटलेला तो अभंग. १९९४ मध्येच त्या कॅसेटची एक नक्कल राजुऱ्याला कोणाच्या तरी लग्नघरी गेली होती, एवढे दोघांना पक्के आठवते. कोणाच्या, यावर मतभेद आहेत. दसऱ्यानंतर आम्ही तिकडे जाणार आहोत. वाचकांपैकी कोणाचे सोयरे राजुरा, लक्कडकोट किंवा जिवतीकडे असतील आणि घरात जुन्या कॅसेटचा डबा असेल, तर तो एकदा उघडून पाहावा. वर निळ्या शाईने 'वांकिडी, पाचवा दिवस' असे लिहिलेले असेल.